शेवटाला कोण उभं राहणार

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. आमच्या वडिलांना सही येते, पण ती ते चित्र काढल्यासारखी सावकाश काढतात. मी बी.एस्सी. झालो, एम.एस्सी. झालो आणि गेली चौदा वर्षं जिंतूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. लग्न झालं नाही. त्याची कारणं इथं सांगायची नाहीत. दोन खोल्या भाड्याच्या, एक गॅस, एक खुर्ची. दुसरी खुर्ची घेतली होती, तिच्यावर पेपरचे गठ्ठे बसले ते बसलेच.

अशा माणसानं तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स गाडी कशाला घ्यावी, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारून झालं. गाडी गंगाखेडला एका ऊसवाल्या बागायतदाराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्याच्या मुलानं पुण्यात शिकताना हौसेनं घेतलेली, नंतर मुलगा परदेशी गेला आणि गाडी कोंबड्यांना राहिली. लाल रंग, दोन दारं, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. बटण दाबलं की हेडलाइट बॉनेटमधून वर येतात. त्यातला डावा वर यायचा बंद झाला होता. त्यामुळे दिवे लावले की गाडी समोरच्याला डोळा मारते. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'बेडकी' पडलं.

परभणीच्या एका मिस्त्रीकडे दीड वर्ष माझे रविवार गेले. मिस्त्री म्हातारे, बोलणं दख्खनी. "सर, इंजन की फिकर मत करो, इंजन आपला हाय. पण हा तिसरा गिअर लय नवाबी हाय. इज्जतीनं बोलवा, तवाच येतो." मी डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे धरायचो, ते मला चहा पाजायचे. त्या दीड वर्षात सगळ्यात जास्त मी त्यांच्याशीच बोललो असेन, आणि बोलणं सगळं क्लचप्लेटचं.

मग मला कळलं की इथून दिवसभराच्या वाटेवर एका खासगी धावपट्टीवर ड्रॅग रेस भरते. सरळ पट्टी, चारशे मीटर. वळण नाही, काही नाही. हिरवा दिवा लागला की सुटायचं, पलीकडची रेघ ओलांडायची, घड्याळ किती सेकंद ते सांगतं. जुन्या गाड्यांचा वेगळा गट. मी अर्ज भरला. अर्जात शेवटी एक रकाना होता, 'सोबतचा माणूस'. मी काही विचार न करता लिहिलं, वडील.

ह्यामागं कारण आहे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बोरीच्या पुढं आमचं गाव. दादांचं अर्धं आयुष्य शंकरपटात गेलं. पट म्हणजे तेच, सरळ पट्टीवर बैलांची जोडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. पण दादा जोडी हाकणारे नव्हते. आमची जोडी कधी पटाला पळालीच नाही. दादा धरणारे होते. सुटलेली जोडी रेघेवर थांबत नसते, ती डोळे फिरल्यासारखी पुढं जात राहते. तिथं पुढं, गर्दीपासून लांब, एक माणूस उभा लागतो. तो समोर उभा राहत नाही, समोर राहिला तर मेला. तो बाजूला उभा राहतो, जोडी खांद्याजवळून जाऊ देतो, तिच्याबरोबर पळतो आणि पळता पळता कासऱ्याला हात घालतो. दादांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यात कायमची वाकडी झाली. लोक लांबलांबून सांगावा धाडायचे, तुम्ही शेवटाला असलात तरच आमची जोडी सोडतो. बक्षीस मिळायचं ते मालकाला, फेटा हाकणाऱ्याला. दादा घामेजलेली जोडी घेऊन चालत चालत मागून यायचे, तोवर फोटो काढून झालेले असायचे. इतक्या वर्षांत त्यांनी पटाची सुरुवात एकदाही बघितली नाही.

मधी पट बंद होते. पुन्हा सुरू झाले तेव्हा दादांना कुणी बोलावलं नाही. नवी पोरं आली होती. पटाच्या दिवशी दादा शेतात जायला लागले, काम असो नसो.

मला एवढंच हवं होतं, दादांनी यावं आणि माझी गाडी पळताना बघावी. मी एम.एस्सी. झालो तेव्हा पदवीदानाला ते आले नव्हते. बैल आजारी होता. ते कारण खरं होतं, म्हणून मला रागावताही आलं नाही.

रेसच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन गावी गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळाच्या पाइपावर सिमेंटचा उंचवटा केलाय, त्यावर बेडकी पोटावर बसली. पुढची चाकं इकडं, मागची तिकडं, मधी आम्ही. चौघांनी उचलून बाजूला घेतली. "सर, हिला कडेवर घेऊनच फिरवा," एकजण म्हणाला. दादा ओट्यावरून उठून आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरवर अंगठा दाबला. बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, तापलेली होती तरी.

"डोळा कामातून गेलाय एक," मी दिवे लावून दाखवले तसे म्हणाले.

"वायरचा प्रॉब्लेम आहे."

"पळती का?"

"पळते. त्यासाठीच आलोय." मी सगळं समजावून सांगितलं. पट्टी, दिवा, घड्याळ.

"म्हंजी पटच की."

"पटच. तुम्ही चला दादा. सकाळी लवकर निघू, मुक्कामाची खोली घेतलीय."

दादांनी पुन्हा एकदा टायरवर अंगठा दाबला. मग विचारलं, "तितं शेवटाला उभं ऱ्हाऊ देतेत का?"

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "दादा, ती गाडी आहे. तिला ब्रेक आहेत. तिथं शेवटी कुणाला कशाला उभं राहू देतील? सुरक्षेचे नियम असतात. सगळ्यांनी सुरुवातीला, जाळीच्या मागं उभं राहायचं."

"मंग मी येऊन काय करू, मास्तर?"

ते मला मास्तर म्हणाले की बोलणं संपलेलं असतं. निघताना त्यांनी एक लिंबू हातावर ठेवलं. "सुटायच्या आधी चाकाखाली ठेव."

रेसच्या आदल्या दिवशी मी एकटाच निघालो. प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी घालून एकेक चाक उतरवायचं, म्हणजे पोट घासत नाही. अशा रीतीनं मी मराठवाड्याच्या बाहेर पडलो. एका ढाब्यावर पोऱ्यानं विचारलं, "साहेब, किती जण?" मी म्हणालो एक. त्यानं चार खुर्च्यांच्या टेबलावरचे तीन ग्लास उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवर पोचलो तर जत्राच. पुण्याच्या, नाशिकच्या गाड्या. एकेका गाडीभोवती सहा-सहा माणसं, एकसारखे टीशर्ट, तंबू, मोठाले पंखे. माझ्याजवळ पाण्याचा कॅन, पान्यांची पिशवी आणि दशम्यांचा डबा. तंबू नव्हता म्हणून मी गाडीच्याच सावलीला बसलो. ती इतकी बुटकी की सावली मांडीपर्यंतच पुरली. दोन-तीन पोरं आली, "अंकल, एक नंबर मेंटेन केलीय," म्हणाली, फोटो काढून गेली. फोटोत मी येऊ नये म्हणून एकानं मला थोडं सरकायला सांगितलं. मी सरकलो.

नोंदणीच्या टेबलावर यादी घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद बघितला, माझ्या मागं बघितलं. "सर, वडील कुठंयत?"

"आले नाहीत."

"अरे. मग दुसरं कुणी? शेवटाला कोण उभं राहणार?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. म्हणालो, "शेवटाला?"

"रेघेच्या पुढं सर. प्रत्येक गाडीचा एक माणूस तिथं बाजूला थांबतो. गाडी बंद पडली, तापली, तर आपलाच माणूस लागतो. म्हणून तर अर्जात विचारतो." त्यांनी टेबलाखालून एक पिवळं जाकीट काढलं, पाकीट न फोडलेलं. "हे त्यांचं. राहू द्या तुमच्याकडं. आमची पोरं आहेत तिकडं, काही लागलं तर बघतील."

मी ते जाकीट घेऊन गाडीत येऊन बसलो. मी दादांशी खोटं बोललो नव्हतो. पण कुणाला विचारलंही नव्हतं. एक फोन करायचा होता, नंबर अर्जावरच छापलेला होता. मला वाटलं मला माहीत आहे. पोरं चुकीचं उत्तर आत्मविश्वासानं देतात तेव्हा मी वर्गात किती टाकून बोलतो, ते मला तिथं बसून आठवत होतं. जाकीट मी शेजारच्या सीटवर ठेवलं. नंतर, का कुणास ठाऊक, त्यावरून बेल्ट लावला.

माझा नंबर पुकारला. सुरुवातीच्या रेघेवर गाडी आणली, खाली उतरलो आणि मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शिट्टी वाजली. एक मार्शल हात हलवत पळत आला. "ओ सर! काय टाकताय ट्रॅकवर? रस सांडला तर चाक घसरेल ना! घर्षण काय राहील?"

चौदा वर्षं मी घर्षण शिकवतोय. जाळीच्या मागं लोक हसले. मी लिंबू उचलून शर्टाच्या खिशात घातलं आणि गाडीत बसलो.

लाल. पिवळा. हिरवा.

पहिला गिअर बरा गेला. दुसऱ्यात इंजिनानं असा आवाज काढला की मिस्त्री असते तर त्यांनी डोळे मिटले असते. तिसरा आला नाही. मी दांडी ओढली, पुन्हा ढकलली, तोंडातून निघून गेलं, "ये रे बाबा!" आणि मग तो आला, नवाबासारखा, त्याच्या वेळेनं. रेघ गेली. अठरा सेकंदांच्या वर वेळ लागला, हे नंतर कळलं. माझ्या गटात मी शेवटचा होतो. त्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. तीस वर्षांची गाडी होती.

रेघेनंतर आवाज एकदम मागं पडला. लाउडस्पीकर नाही, गर्दी नाही. पुढं नुसती पट्टी, भेगांतून आलेलं गवत आणि दोन टिटव्या. मी घाईनं ब्रेक दाबला. गाडी थोडी हलली, थांबली. मी ती कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि उतरलो. डाव्या बाजूला, बरंच मागं, पिवळी जाकिटं घातलेली पाच-सहा माणसं उभी होती. आपापल्या गाड्यांची वाट बघत होती. माझ्या मागून आलेली गाडी थांबली तसा त्यातला एकजण पळत गेला, त्यानं छपरावर दोन थापा मारल्या, आतल्या माणसाशी काहीतरी बोलला, दोघं हसले.

मी बॉनेटवर हात ठेवला. तापलं होतं. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग एकानं मला परतीच्या रस्त्यानं जायची खूण केली आणि मी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गावी पोचलो. उंचवट्याच्या अलीकडेच गाडी लावून चालत घरी गेलो. दादा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. कितवा आलास, किती सेकंद लागले, त्यांनी विचारलं नाही.

"थांबली का नीट?"

"थांबली."

"लिंबू?"

मी खिशातून काढून दाखवलं. वाळायला लागलं होतं. "ठेवू दिलं नाही."

"तेवढं बी न्हाई?"

"तेवढं बी नाही." मग मी म्हणालो, कारण आता नाही तर कधीच म्हणालो नसतो, "पण दादा, माणूस उभा करू देतात. शेवटाला. प्रत्येक गाडीचा एक. मी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, नसतील देत." आणि जाकिटाचं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. "हे तुमचं होतं."

दादांनी पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, खाली ठेवलं. शेंगा सोलत राहिले. पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणाले, "तवाच इचारायचं व्हतं."

"हो."

"किती लांब जाऊन थांबली?"

मी सांगितलं. रेघेच्या पुढं, आपल्या विहिरीपासून मारुतीच्या पारापर्यंत होईल एवढं. गवताचं सांगितलं, टिटव्यांचं सांगितलं. ब्रेक कधी दाबला, गाडी कुठं हलली तेही. मी इतका वेळ त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो आणि त्यांनी इतकं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं.

"लवकर दाबलास," ते म्हणाले. "जरा जाऊ द्यायची व्हती. तिचा दम तिला सोडू द्यायचा आस्तो. जनावर आस्तं तर नाकातून रगत आलं आस्तं." मग शेंगांचं सूप उचलून ते आत गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

जाकीट आत खुंटीवर आहे, जुन्या कासऱ्याच्या शेजारी. पाकीट अजून फोडलेलं नाही. पुढच्या हंगामाचा अर्ज आला आहे आणि तो माझ्या टेबलावर पडला आहे. 'सोबतचा माणूस' सोडून बाकीचे रकाने भरून झाले. या खेपेला आधी विचारायचं आणि मग लिहायचं, असं मी ठरवलं आहे. तीन रविवार गावी जाऊन आलो. तुरीचं बोललो, विहिरीवरच्या मोटारीच्या लायटीचं बोललो, त्यांच्या गुडघ्याचं बोललो. येताना प्रत्येक वेळी दादा उंचवट्यापर्यंत आले, बाजूला उभे राहिले आणि गाडी तिरकी निघेपर्यंत बघत राहिले.