रेझिस्टन्स आला म्हणून मी खुश झाली

आज सकाळी दवाखान्यात माझी फजिती झाली, मंडळी.

लघवीची जळजळ महिनाभरापासून जाऊन नाही राहिली. डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहिला अन् म्हणाली, "दादी, रेझिस्टन्स आ गया है."

मी खुश! म्हटलं, "तो अब घर जाऊं?"

माझं काय चुकलं? गावच्या शाळेत शिकलेली मी, हा शब्द मले आमच्या ह्यांनी शिकवला. इथला कारखाना, आमचा प्लांट, उभा होऊन राहिला होता तवा ते तिथं वायरमन होते. नवी केबल तपासून आले का म्हणत, "आज रेझिस्टन्स चांगला आला." म्हणजे करंट बाहेर गळत नाही, केबल पास. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खात. नाही आला, तर घरात अबोला.

डॉक्टरीणबाईनं समजावलं, ताकद मले नाही, जंतूले आली. गोळ्या आता लागू पडत नाहीत. सात दिवस रोज सुई.

मी विचारलं, "उनको आया, तो मेरे को कब आएगा?" ती हसली नाही.

खरं सांगते, थकली मी. चरोद्याच्या घरून रोज एकटीनं दवाखान्यात जाणं आता होत नाही. उद्यापासून तिकडे जाणारं तुमच्यापैकी कोणी मले गाडीवर बसवून नेसान का? वजनानं हलकी आहे. बडबड मात्र सहन करा लागीन.