नेवेनामावशीनं न जोडलेला फोन

रूसे शहरातल्या आमच्या जुन्या घरात आता दाताचा दवाखाना आहे. मी त्या रस्त्यानं जात नाही. गेले तर डोकं फिरतं. चार बिऱ्हाडं होतो आम्ही तिथं. सरकारनं ते घर एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून हिसकावलं आणि आम्हाला भाड्यानं दिलं, तेव्हा ते कुणाचं म्हणून आम्ही विचारलं नव्हतं. पुढे कम्युनिस्ट राजवट पडली आणि घर व्यापाऱ्याच्या नातवाला परत मिळालं. तरी जुन्या भाडेकरूंना हात लावता येत नव्हता. मग संसदेनं नवा कायदा केला आणि तो आधारही गेला. येत्या वसंतात मालक आम्हाला बाहेर काढायला मोकळा होता.

विरोधी खासदारांनी त्या कायद्याविरुद्ध राजधानीत, सोफियातल्या घटना न्यायालयात अर्ज केला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. कारण तिथल्या बारा न्यायाधीशांत एक होती कालिना, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या नेवेनामावशीची लेक. आमच्याच जिन्यात गुडघे फोडून घेत वाढलेली.

"एक फोन, मावशी, एकच," तळमजल्यावरचा बस ड्रायव्हर गांचो म्हणाला. "पोटची पोर आहे. आईचा शब्द मोडेल होय?"

"नाही मोडणार. म्हणूनच करत नाही," मावशी म्हणाली आणि घेवडा निवडत राहिली.

मावशीचा सगळा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला. पक्षाच्या कचेरीतून न्यायालयात जाणारे फोन तिच्याच हातून जात. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिनं असाच एक फोन जोडला. कचेरीतला माणूस म्हणाला, "त्या सुताराचं आज उरकून टाका. तीन वर्षं पुरेत." दुपारी निकाल लागला, तीन वर्षं. सुतार म्हणजे मावशीचा सख्खा दीर. गावाकडची जमीन सामुदायिक शेतीला द्यायला तो नाही म्हणाला होता. तो परत आला तो खोकतच, आणि फार जगला नाही. हे मला मावशीच्या नवऱ्यानं सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

कालिना दर रविवारी आईला फोन करी. अर्ज दाखल झाल्यापासून मावशी तिच्याशी फक्त टोमॅटो, हवा आणि स्वतःचा गुडघा एवढंच बोले. कालिनानं "घराचं काय म्हणतात सगळे?" असं विचारलं की मावशीचं दूध उतू जायचं आणि फोन बंद व्हायचा. असलं उतू जाणारं दूध मी जन्मात पाहिलं नाही.

शेवटी माझा तोल गेला. "तुझ्या तत्त्वापायी आम्ही रस्त्यावर यायचं का?"

"एल्के, तुझ्याबरोबर मीही रस्त्यावरच येणारेय. तत्त्व-बित्त्व मला कळत नाही. एकदा जोडला होता फोन. आता नाही."

सप्टेंबरात निकाल लागला. आमच्याकडे कायदा पाडायला बारांतली सात मतं लागतात. पडली सहा. कायदा टिकला. दुसऱ्या दिवशी पेपरात नावं आली. ज्यांनी कायदा राहू दिला त्यांत कालिना होती. आई अशाच घरात राहते, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं म्हणे. बाकीचे न्यायाधीश म्हणाले, असं धरलं तर या खटल्यात कुणालाच बसता येणार नाही. याची मावशी, त्याचा सासरा, सगळे अशाच घरांत. तिचं म्हणणंही छापलं होतं : कायदा कठोर आहे, पण भाडेकरूला किती वर्षं ठेवायचं हे घटनेत लिहिलेलं नाही, ते ठरवायला लोकांनी संसद निवडली आहे, आम्हाला नाही.

"फारच शिकली गं तुझी पोर!" गांचो जिन्यातून ओरडला. मीही म्हणाले, दिव्याखाली अंधार. मावशीनं दार लावून घेतलं.

शनिवारी कालिना आली. मी मावशीकडे बरण्या परत द्यायच्या निमित्तानं गेले होते, खरं तर भांडायला. मावशी बाल्कनीत पत्र्यावर लाल मिरच्या भाजत होती. लेकीला बघून आत आली, पण बस म्हणाली नाही.

"सह्या झाल्या? आता त्यात काही बदलत नाही ना?"

"नाही, आई."

"मग विचारते. मी इथं राहत नसते, तर काय मत दिलं असतंस?"

कालिनाच्या हातात अजून पिशवी तशीच होती. "हेच," ती म्हणाली. "पण देताना हा ओटा डोळ्यांसमोरून हलत नव्हता."

"बरं. आता ऐक. मला तुझा निकाल मुळीच पटलेला नाही. तुझे वडील या खोलीत गेले. तू इथं चालायला शिकलीस. मला तुझा राग आलाय, कालिना, फार राग आलाय. इतके दिवस गिळून बसले होते."

कालिना रडायला लागली. मी भांडायला आले होते, पण माझ्यासाठी काही शिल्लकच राहिलं नव्हतं. मावशीनं लेकीच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिचं डोकं क्षणभर खांद्याशी धरलं आणि मग हात पुसून फोनपाशी जाऊन बसली.

"संसदेनं ठरवायचं ना? आपल्या खासदाराचा नंबर एक्सचेंजमधल्या पोरीनं सकाळीच दिलाय."

"अगं, फोन करणार नाही म्हणत होतीस!" मी म्हणाले.

"न्यायाधीशाला. ह्याला मी मत दिलंय." तिनं नंबर फिरवायला घेतला आणि थांबली. "कालिना, मिरच्या करपतील, तू बाल्कनीत जा. आणि दार ओढून घे. हे तू ऐकायचं नाहीस."

कालिना गेली. काचेपलीकडे ती एका हातानं मिरच्या उलटत होती, दुसऱ्यानं डोळे पुसत होती, आणि आमच्याकडे पाठ करून उभी होती.