मानेखालची मुलगी

आमच्या जाहिरात कंपनीत तिला सगळे टाचणीबाई म्हणतात. तोंडात टाचण्या धरून ती अख्खे भांडण करू शकते, आणि एकही टाचणी खाली पडत नाही. छायाचित्रासाठी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या अंगावर कपडे बसवणे हे तिचे काम. मी हिशेब विभागात. माझ्या टेबलामागे काचेची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे टाचणीबाईची कपड्यांची खोली; छायाचित्रेही तिथेच काढतात. माझ्या नोकरीतल्या बहुतेक बेरजा तिच्या शिलाई यंत्राच्या आवाजात झाल्या आहेत.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. जाहिरातीतला शर्ट अंगावर इतका नेटका दिसतो, कारण पाठीमागे चिमट्यांची रांग असते. जादा कापड मागे ओढायचे, चुणी घालायची, चिमटा लावायचा. पुढून माणूस राजबिंडा आणि मागून कपडे वाळत घातलेली दोरी. टाचणीबाईचा चिमटा कधी सुटत नाही, अशी तिची ख्याती. एकदा एका पैलवानाला शिंक आली तेव्हा त्याच्या सदऱ्याची शिवण उसवली, पण चिमटे जागच्या जागी होते.

तिला एकच मुलगी. नवरा ट्रक चालवत असे, तो लवकर गेला. मुलगी लहानपणी बापाबरोबर गाडीखाली शिरायची आणि काळी होऊन बाहेर यायची. अंगापिंडाने थोराड, खांदे रुंद, चालली की भांडी वाजायची. घरात तिचे नाव पडले दांडगी. "जन्मली तेव्हा सुईण म्हणाली, बाई, ही तर तयारच होऊन आली," असे टाचणीबाई सांगायची. ही दांडगी मोठी होऊन सैन्यात गेली, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. आई आधी खूप रडली, मग तिनेच तिच्या वर्दीची बाही एक बोट सैल करून दिली, कारण पाना फिरवताना ती काखेत काचत होती.

मुलींनी सैन्यात भरती व्हावे म्हणून जाहिरात करायचे काम आमच्याकडे आले. चेहरा खऱ्या सैनिक मुलीचा हवा, अशी सैन्याच्या प्रसिद्धी विभागाची अट होती. छावणीत काढलेल्या छायाचित्रांचा गठ्ठाही त्यांनी पाठवला. आमचे कलाविभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे दाढीवाले म्हणतात, ते गठ्ठा चाळून म्हणाले, "चेहरे झकास आहेत. पण उभ्या कशा राहिल्यात बघा, जसं काही बस चुकलीय." मग ठरले की चेहरा गठ्ठ्यातून निवडायचा आणि मानेखालचा भाग आपल्याकडे काढायचा. आमच्या धंद्यात असे नेहमी होते. त्याला आमच्याकडे धड म्हणतात.

"टाचणीबाई, उद्या धड आहे. वर्दीतलं," दाढीवाले म्हणाले.

"साहेब, वर्दीतल्या माणसाबद्दल तो शब्द नका हो काढू. माझी लेक आहे तिकडे."

दाढीवाल्यांनी जीभ चावली. पण सवयीचा शब्द, पुन्हा तोंडातून गेलाच.

दुसऱ्या दिवशी एक उंच, सडपातळ मॉडेल आली. फार गोड मुलगी. थंडीने कुडकुडत होती आणि टाचणीबाईला मावशी मावशी करत होती. तिला वर्दी चढवली. मी काचेतून बघत नव्हतो, पण ऐकू सगळे येत होते.

"कमरेत अजून घ्या," दाढीवाले म्हणाले. "अजून. छातीवर चुणी दिसता कामा नये. वर्दी आहे हे कळलं पाहिजे आणि मुलगी आहे हेही लांबून कळलं पाहिजे. वरचं बटण काढा."

"वरचं बटण उघडं राहिलं तर माझ्या लेकीला पळायची शिक्षा होते, साहेब."

"इथे कोणी पळवत नाही हो. काढा."

टाचणीबाईने बटण काढले. कमरेत कापड घेतले, पाठीवर चिमटे लावले. मॉडेलच्या हातात पाना दिला तो एखादा आरसा धरावा तसा तिने धरला. सगळ्यांना ते आवडले.

पुढे छापील चित्र आले आणि कलाविभागाच्या भिंतीवर लागले. टाचणीबाई तोंडात टाचण्या धरून कुठेतरी चालली होती. ती थांबली. तिने एकेक टाचणी काढून पदराला लावली, तेव्हाच मला कळले की काहीतरी मोठे घडले आहे.

"ही आमची दांडगी," ती म्हणाली.

दाढीवाले उडालेच. "काय सांगता! गठ्ठ्यात नावं नव्हती हो. ही हसते छान म्हणून घेतली. अरे, आपल्या घरचीच निघाली!"

चहा मागवला गेला. सगळ्यांनी बाईचे अभिनंदन केले. तीही खूश होती, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवायचे आहे, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की तिला तेव्हाच खटकले असेल. तसे नव्हते. तिने एक प्रत मागून घेतली, गुंडाळी करून छातीशी धरली आणि मला काचेवर टकटक करून दाखवली.

दोन-चार दिवसांनी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. "घरी भिंतीला लावलंय," म्हणाली. "चेहऱ्याकडे बघते तोवर बरं वाटतं. मग नजर खाली जाते. ती कंबर मीच केलेली आहे हो. कुठे कुठे चिमटा आहे ते मला दिसतं. लेकीकडे बघते की माझ्या चिमट्यांकडे बघते, तेच कळेना झालंय."

"मग काढून ठेवा," मी म्हणालो.

"घरातलं काढीन. बसथांब्यावरचं कोण काढणार?"

ते खरेच होते. बसथांबे, शाळांच्या भिंती, दवाखान्याबाहेरची जागा, सगळीकडे दांडगी हसत होती आणि मानेखाली दुसरीच कोणीतरी कमरेत वळून उभी होती. टाचणीबाई बसची वाट बघताना थांब्याकडे पाठ करून उभी राहू लागली. बस आली तरी तिला कळायचे नाही.

मग मुलीचा फोन आला. बाईने तो माझ्यासमोरच, आवाज मोठा ठेवून घेतला, कारण एकटीने ऐकवेना.

"आई, इथे काय चाललंय विचारू नकोस. दुसऱ्या तुकड्यांतले लोक पोस्टरवाली बघायला येतात. मी गाडीखाली असते. बाहेर ये म्हणतात, मी येते. मला वरून खाली बघतात आणि म्हणतात, ही नव्हे. आणि निघून जातात!"

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, ती रजेवर गेलीय."

दोघी हसल्या. मीही हसलो. मग मुलगी म्हणाली, "हसण्यावारी गेलं असतं गं. पण आता वरून आलंय की पोस्टर फार छान चाललं. मला तिकडे पाठवतायत, तुमच्याच ऑफिसात, माझे सगळे नवीन फोटो काढायला. आणि ते झाले की वर्षभर गावोगाव मेळाव्यांत उभं राहायचं, पोस्टरच्या शेजारी. माझं क्रेनचं शिक्षण गेलं, आई. पुढच्या महिन्यात सुरू होतंय. खड्ड्यात गेलेली गाडी ओढून काढायची क्रेन. आमच्यातून एकच जागा होती आणि ती मला मिळाली होती."

"नाही म्हण."

"आदेश आहे. नाही कसं म्हणू?"

फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही शिकलेले. सांगा, काय करायचं?" मी अर्ज, विनंती, वरिष्ठांकडे दाद असे काहीतरी बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले, जसे आपण पावसाबद्दलचे अंदाज ऐकतो.

छायाचित्रणाच्या आदल्या दिवशी मुलगी घरी आली. त्या संध्याकाळी आईने तिची वर्दी इस्त्रीसाठी म्हणून घेतली आणि बगलेपासून कमरेपर्यंतच्या शिवणी उसवून, आतले दाबलेले कापड सगळे मोकळे करून पुन्हा शिवली. हे तिने मला नंतर सांगितले. सकाळी वर्दी घालून मुलगी आरशासमोर उभी राहिली.

"आई, ही ढगळ झालीय."

"वाळलीस तू. तिकडे जेवत नाहीस धड."

मी दांडगीला पहिल्यांदा पाहिले ते त्याच दिवशी. बुटांचा आवाज आधी आला, मग ती. हातावर सायलेन्सरला भाजल्याचा जुना डाग, पोस्टरवरचेच हसू. माझ्या लोखंडी कपाटाचे दार कधी नीट लागत नाही. मी नेहमीप्रमाणे त्याला गुडघ्याने ढकलत होतो. "काका, सरका," म्हणून तिने दार एका कोपऱ्याने उचलले आणि लावले. "बिजागरी बसलीय. पोस्टरवालीला सांगून करून घ्या," म्हणाली आणि आत गेली.

आत प्रसिद्धी विभागाच्या मॅडम बसल्या होत्या. त्याही वर्दीत, कडक इस्त्री, बोलणे मोजके. दांडगीला एका खोक्यावर उभे केले. टाचणीबाई मागे चिमटे घेऊन.

"हे मागे काय करतेस?" मुलीने मान न वळवता विचारले.

"तुला बारीक करतेय. हलू नकोस."

"पोस्टरवालीलाही तूच केलंस?"

आईचा हात थांबला. "मीच केलं," ती म्हणाली. "वर तुझं डोकं येणार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

दांडगीने मान वळवून मागे पाहिले. मग म्हणाली, "काम चांगलं होतं गं. मलाच वाटलं, आपण कधी अशा होतो?"

दाढीवाल्यांनी तिच्या हातात पाना दिला. "असा हलकेच धरायचा."

"हलका धरला तर पायावर पडेल, साहेब."

"पडू देणार नाही आम्ही. धरा."

तिने प्रयत्न केला. पण हाताची सवय जाईना. बोटे पान्यावर आवळली गेली, खांदा वर आला, पाठ रुंदावली, आणि पाठीवरचे चिमटे एकामागून एक उडाले. एक दिव्यावर आपटला. एक मॅडमच्या चहाच्या कपाशी जाऊन पडला. वर्दी पोत्यासारखी सुटली.

पुन्हा लावले. पुन्हा उडाले. दाढीवाल्यांनी टाचणीबाईकडे पाहिले. तिच्या हाताखालचा चिमटा सुटलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"टाचणीबाई, आज हात कापतोय का?"

"वय झालं, साहेब."

ते समजायचे ते समजले असावेत. शेवटी आहे तशीच काही छायाचित्रे काढली आणि संगणकावर घेऊन कंबर आत ढकलून बघितली. कंबर आत गेली की खांदे अंगावर येत. खांदे कमी केले की हात दुसऱ्याच कोणाचे वाटत. मुलगी खोक्यावर तशीच उभी होती, पाना हातात, ढगळ वर्दीत. तिला कोणी उतर म्हणाले नव्हते.

मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "चेहरा ठीक आहे, पण अंग चालत नाही. चेहरा तर आपल्याकडे आहेच. मग हिला कशाला अडकवायचं? मेळाव्यांना ती आधीची मॉडेल घ्या. टोपी घातली की चेहऱ्याकडे कोण बघतंय."

दांडगीकडे वळून त्या म्हणाल्या, "तू तुकडीत परत जा."

हेच तर टाचणीबाईला हवे होते. याच वाक्यासाठी तिने शिवणी उसवल्या होत्या आणि चिमटे कडेकडेने लावले होते. पण मी काचेतून तिचा चेहरा पाहिला. ती खाली वाकून चिमटे गोळा करत होती आणि तिचे कान लाल झाले होते. सगळे चिमटे डब्यात गेले तरी ती जमिनीवर हात फिरवतच होती.

जाताना माझ्या टेबलाशी दोघी थांबल्या. दांडगी म्हणाली, "काका, आमच्या आईचा चिमटा सुटलेला ऐकलाय का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"आणि मी वाळलेय म्हणे!" तिने आईच्या खांद्यावर हात टाकला. तो इतका जड होता की बाई एका बाजूला झुकली. "अंग चालत नाही म्हणाल्या, ऐकलंस ना? आता महिन्याभराने ये बघायला, काय काय चालतं ते."

"मला वाईट वाटलं गं," आई म्हणाली. "मीच करवलं आणि मलाच लागलं."

"मलाही लागलं," मुलगी म्हणाली. "जाऊ दे. क्रेन मिळाली."

ती गेली. तिचे शिक्षण सुरू झाले. मधे तिने एक छायाचित्र पाठवले. चिखलात रुतलेला ट्रक, त्याला लावलेली साखळी आणि क्रेनच्या केबिनच्या काचेमागे एक काळी सावली. टाचणीबाई ते सगळ्यांना दाखवते. "दिसतेय का?" म्हणून विचारते. कोणालाच दिसत नाही, पण सगळे हो म्हणतात. दाढीवाल्यांनी मात्र डोळे बारीक करून म्हटले, "वरचं बटण लावलंय वाटतं," आणि ते पहिल्यांदाच तिच्यापुढे थोडे ओशाळले.

बसथांब्यावरचे पोस्टर अजून आहे. मध्यंतरी टाचणीबाईच्या शेजारच्या घरातली एक मुलगी तिच्याकडे पॅन्ट घेऊन आली होती. भरतीच्या चाचणीला जायचे आहे, पोस्टरसारखी कमरेत बसवून द्या म्हणाली. बाईने तिला उकिडवे बसायला लावले, हात वर करायला लावले, पळून दाखव म्हणाली. मुलगी गोंधळली. बाईने पॅन्ट आहे तशीच परत दिली आणि नंतर दिवसभर तिला वाटत राहिले की पोरीला उगाच दुखावले.

आमच्याकडे धड काढणे काही थांबलेले नाही. परवा परिचारिकांची जाहिरात होती. मॉडेल खोक्यावर उभी राहिली, दाढीवाले म्हणाले, "कमरेत घ्या." टाचणीबाई चिमटे हातात धरून मागे उभी होती.

"साहेब, हिच्यावर डोकं कोणाचं येणार?"

"अजून ठरलं नाही हो. तुम्हाला काय करायचंय?"

"ठरलं की सांगा," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

दिवे तापत होते. मॉडेल मान वळवून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. दाढीवाले चिडून छायाचित्रांचा गठ्ठा आणायला गेले. मी बेरीज तिसऱ्यांदा चुकलो आणि पेन खाली ठेवले.