काकांचा शिक्का

हात खांद्याच्याही वर न्यायचा, क्षणभर तिथंच थांबायचं आणि मग धाड्! "चलो, पक्कं झालं!" कागदावर शिक्का मारायची काकांची ही रीत. माझा अर्धा चहा रोज बशीत उतरायचा. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेलच, पण आमच्या काकांची सर त्याला नाही.

जबलपुरात लहान मुलांच्या ऑटिझमवर आमचं संशोधन चालतं. त्याच्या कागदपत्रांचं टेबल दाराशेजारीच. मुलं ठरल्या दिवशी तपासणीला येत, आया प्रश्नावली भरत, मी ती कॉम्प्युटरवर चढवी आणि काका पानापानावर तारखेचा शिक्का मारत. त्यांची सारी उमर संरक्षण कारखान्यातून माल रवाना करण्यात गेलेली.

"तिथं मशीनच्या आवाजात शिक्का ऐकू जायला नको?"

"पण इथं काहून?" मी चिडून विचारी.

"आदत आहे, बेटा!"

कांचघर मोहल्ल्यातली एक सहा वर्षांची मुलगी यायची. बोलत नव्हती. दारात पाऊल टाकलं की कानांवर हात आणि किंचाळणं सुरू. तपासणी पुरी झाली तरच तिला बोलणं शिकवायच्या वर्गात जागा मिळणार होती, आणि ती दोनदा अर्धवट राहिली. तिसऱ्यांदा आई रडकुंडीला आली. "काका, नाव काढून टाका हिचं. पोरीचे हाल बघवत नाहीत मला."

काकांनी नाव काढायचा फॉर्म भरून घेतला. जड मनानं शिक्का उचलला, हात वर गेला. पोरीनं त्या हाताकडे पाहिलं आणि शिक्का पडायच्या आधीच कान दाबून धरले.

हात तिथंच राहिला. काका हळूच मला म्हणाले, "अगं, हे तर मीच करून राहिलो ना!" त्यांनी फॉर्म बाजूला सारला. "दीदी, एक बार और या. माझ्यासाठी."

मग पंधरा दिवस काय गंमत सांगू! टेबलावर टॉवेल दुमडून ठेवून काका जुन्या पेपरावर शिक्का हळूच दाबायचा सराव करत. एक उमटला की चार पुसट. "बाप्पा, हे तर तोफ उचलण्यापेक्षा कठीण!" मी हसून हसून बेजार.

मुलगी आली. काकांनी श्वास रोखून शिक्का दाबला. आवाज नाही. ती टेबलाशी सरकली, टॉवेलवर बोट फिरवत उभी राहिली आणि मग आईचं बोट धरून तपासणीला आत गेली. काकांचे डोळे भरले. माझेही, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीत काका कायमचे लेकीकडे नागपूरला गेले. त्यांच्यावाचून टेबल मला खायला उठतं. परवा ती मुलगी आली; आता ती बोलणं शिकवायच्या वर्गात जाते. शिक्का माझ्या हातात. तिनं टेबलाचा खण उघडला, काकांचा टॉवेल काढला, दुमडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हळू."

मी तिथूनच काकांना फोन लावला.

"बोलली? खरंच?"

"स्पष्ट बोलली, काका."

पलीकडून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला, धाड्! "चलो, पक्कं झालं!"

मागून त्यांची लेक ओरडली, "बाबा, चहा सांडला ना माझा!"