मशीनला लागलेली खळ

"थंडी आणता येत नाही बाप्पा, गरमी बाहेर काढा लागते."

कारध्याचे गोपीचंदभाऊ हे इतक्यांदा म्हणत, की त्यांची बायको चंद्रभागाबाई शेजारणींना सांगायची, "मी तापली का एखाद्या दिवशी हे मलेच बाहेर काढतीन."

त्यांच्या घरात चार पिढ्या हातमाग चालला. विशीपर्यंत गोपीचंदभाऊंनीही लुगडी विणली. मग माग थांबला, पण हात थांबले नाहीत. आधी कुलर, मग फ्रिज आणि पंचेचाळिशीत एसी. गुरू कोण, असं विचारलं तर म्हणत, बिघडलेली यंत्रं. त्यांच्या पिशवीत पान्ह्यांच्या शेजारी वडिलांच्या मागाच्या फणीचा वीतभर तुकडा असे. एका अंगाची पट्टी निघालेला, कंगव्यासारखा. सुताच्या शेकडो तारा सरळ ठेवणारी ती फणी त्यांनी कधी माळ्यावर टाकली नाही.

गेल्या मे महिन्यात तुमसरच्या गोपाळरावांनी त्यांना बोलावलं. गोपाळराव धानाचे व्यापारी, घर राइसमिलच्या मागच्या अंगाला. मुलगी मोनिका बाळंतपणाला माहेरी आलेली, लेकरू पंचवीस दिवसांचं. आदल्या उन्हाळ्यात चांगला चालणारा एसी आता नुसती कोमट हवा सोडत होता. लेकराच्या मानेवर घामोळं उठलं. ते पाहून गोंदियाहून आलेल्या विहीणबाईंनी, सत्यवतीबाईंनी, पदराने वारा घेत निकाल दिला.

"आज संध्याकाळपर्यंत खोली थंडी नाही झाली, तर सून अन् नातू माह्यासंग गोंदियाले."

सव्वा महिना व्हायच्या आधी लेक घरातून न्यायची! गोपाळरावांना दुपारचं जेवण गेलं नाही.

गोपीचंदभाऊ आले. पाणी प्यायले, लेकराकडे बघून हसले आणि एसीखाली हात धरून उभे राहिले. आतली जाळी स्वच्छ होती.

"गॅस संपली असन," गोपाळराव म्हणाले. "सारे तेच सांगून राहिले."

"सारे सांगतेत. मशीन काय सांगते ते पाहू."

ते मागच्या गॅलरीत गेले. सगळे त्यांच्या मागे गेले. तिथे एसीचं बाहेरचं यंत्र असायला हवं होतं, पण दिसत होती ती वाळ्याची ताटी. चारी बाजूंनी सुतळीने बांधलेली, ओलीचिंब, वरून नळाची बारीक धार.

"हे कोणी केलं जी?"

सत्यवतीबाई गोपाळरावांकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आमच्या व्याह्यानं! इंजिनेर झाले ते यंदा."

गोपाळरावांचे कान लाल झाले. "नातवाले जास्त थंडी भेटन म्हटलं. कुलरले नाई का लावत आपण?"

गोपीचंदभाऊ हसले नाहीत. सुतळी सोडत हळूच म्हणाले, "तुमचं चुकलं नाही, गोपाळराव. जल्मभर कुलर पाहिला आपण. कुलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून आत घेते. याचं उलटं हाय. हे खोलीतली गरमी इथं आणून फेकते. तुम्ही त्याच्या तोंडावर ओली गोधडी बांधली. बिचारं तापते अन् मधीच बंद पडते."

ताटी बाजूला झाली. मागच्या बाजूला पत्र्याच्या हजारो बारीक पात्या असतात, केसांइतक्या जवळ. त्या दिसतच नव्हत्या. मिलमधून उडालेला धानाचा कोंडा ओलाव्याने चिकटून, वाळून, पुन्हा भिजून त्याचा एक करडा थर झाला होता. गोपीचंदभाऊंनी नखाने थोडा खरवडला, बोटांत चोळला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, खळ लागली मशीनले! आमची माय सुताले अशीच खळ लावे. तार कडक व्हावी म्हणून. इथं वाऱ्याची वाटच कडक झाली."

त्यांनी घरचं मेन स्विच बंद केलं. हलक्या धारेने थर भिजवला आणि फणी काढली. वरून खाली, वरून खाली. वाकलेली एकेक पाती सरळ होत गेली. तासभर त्या गॅलरीत फणीचा बारीक आवाज आणि वाहत्या पाण्याचा आवाज, एवढंच होतं. मोनिका लेकराला मांडीवर घेऊन दारात बसली होती.

एसी सुरू झाला. बाहेरच्या पंख्यातून गरम हवेचा असा लोट आला, की सत्यवतीबाई दोन पावलं मागे सरल्या.

"आली! गरम आली!" गोपीचंदभाऊ टाळ्या वाजवत म्हणाले.

"गरम आली म्हणून नाचून राहिले काय हो, भाऊ?"

"इथं गरम, म्हणजे तिथं थंड! बसा खोलीत जाऊन."

त्या बसल्या. हट्टाने बसल्या, थेट एसीखाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लेकरू हात सैल सोडून झोपलं. विसाव्या मिनिटाला सत्यवतीबाई इकडेतिकडे बघत पुटपुटल्या, "मोनिका, चादर हाय का वं एखादी?"

गोपाळराव याचीच वाट बघत होते. "विहीणबाई, बॅग भरू का?"

"तुमचीच भरा. मी राहतो चार दिवस इथं. गोंदियात लय ऊन हाय."

मोनिका तोंडाला पदर लावून हसली, आणि लेकरू जागं होऊ नये म्हणून सगळेच दबक्या आवाजात हसत राहिले.

चहा पिऊन गोपीचंदभाऊंनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मिलच्या लांब भिंतीच्या सावलीतून, ओल्या चपलांचे ठसे उमटवत. गोपाळराव आजवर कोणाला पोचवायला फाटकापर्यंत आले नव्हते. ते आले, आणि भाऊ एसटी स्टँडच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत उन्हात उभे राहिले.