कात्रीबाईंचा नऊ नंबर

आपल्याला मागून कात्रीबाई म्हणतात हे बाईंना ठाऊक नाही, अशी प्रयोगशाळेत सगळ्यांची समजूत होती. बाईंना सगळं ठाऊक होतं. शिवाय ते नाव त्यांना आवडायचंही. तसं कबूल केलं असतं तर लोक डोक्यावर बसले असते, म्हणून त्या गप्प.

नाव पडलं ते कामावरून. रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला की डॉक्टर रोग्याच्या हाडातली मज्जा काढून या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पेशी वाढवायच्या, एकाच्या दोन होताहोता त्यांना थांबवायचं, काचेवर पसरून रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली गुणसूत्रं मोजायची. सेहेचाळीस भरली पाहिजेत. पूर्वी या पेशींचे फोटो काढत आणि एकेक गुणसूत्र कात्रीने कापून पुठ्ठ्यावर जोडीजोडीने, नंबरवार चिकटवत. बाई त्या जमान्यातल्या. कोणाला शिंक आली की एकवीस नंबरचं गुणसूत्र टेबलाखाली, बाई गुडघ्यांवर, आणि तो सापडेपर्यंत दार उघडायची कोणाची टाप नाही. पुढे कॉम्प्युटर आला, जोड्या पडद्यावर लागायला लागल्या. कात्री मात्र बाईंच्या ड्रॉवरमध्ये राहिली. साधं पाकीट फोडायलासुद्धा ती कोणाला मिळायची नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीत जीन थेरपीवाले आले. ते रोग्याच्याच लढाऊ पेशी बाहेर काढायचे, एका विषाणूचे दात पाडून त्याच्या पाठीवर नवा जीन लादायचे आणि त्याला त्या पेशींत शिरवायचे. म्हणजे त्या पेशी कॅन्सर ओळखून मारायला शिकतात म्हणे. नको असलेला जीन नेमका कापणारी कात्रीही त्यांच्याकडे होती; ती एवढी बारीक की कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. बाईंनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एवढंच विचारलं, की ती खाली पडली तर शोधता कशी? त्या दिवसापासून दोन्ही खोल्यांची गट्टी जमली.

शिकाऊ दिवसांत सरावाला रक्त कोण देणार? ज्याने त्याने आपलंच द्यायचं, असा तिथला रिवाज होता. तेव्हा बाईंनी पहिल्यांदा कापली ती स्वतःची गुणसूत्रं. त्यांच्या दोन नऊ नंबरांपैकी एकाची कंबर, म्हणजे मधला आवळलेला भाग, विचित्र निघाली. कमरेखाली असायचा तो भाग उलटून वर गेलेला. शिवाय एका पंधरा नंबरच्या डोक्यावर नेहमीपेक्षा मोठं टेंगूळ. बाईंची पाचावर धारण बसली. पण गुरुजी म्हणाले, काही नाही, शंभरात एखाद्याचं असतं तसं, नाकावर तीळ असावा इतकंच. तो पुठ्ठा बाईंनी जपून ठेवला. आपली सही ओळखावी तसा त्यांना आपला नऊ नंबर ओळखू यायचा.

आता भावाबद्दल. बाईंचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणापासून त्याचा एकच धंदा, ताईच्या वस्तू ढापायच्या. पेन्सिली, छत्री, सायकल. माझं ते माझं आणि ताईचं तेही माझं, असा सगळा हिशेब. आणि ताईचं उत्तरही ठरलेलं: "परत कर." पंचेचाळिशीचा झाला तरी तो बहिणीकडून जाताना काहीतरी उचलायचा आणि बाई दारातून ओरडायच्या, परत कर. शेजाऱ्यांना ते ऐकल्याशिवाय रविवार झाल्यासारखा वाटायचा नाही.

पाच वर्षांपूर्वी तो दमायला लागला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट. मज्जेत नऊ नंबर आणि बावीस नंबर तुटून त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली, आणि जिथे सांधा जुळला तिथे दोन जीनांचा मिळून एक झालेला. हा नवा जीन पेशीला एकच हुकूम देतो, वाढ. बाईंनी आयुष्यभर हीच अदलाबदल परक्यांच्या पेशींत शोधली होती. मिळाली की त्या टेबलावर टिचकी मारून "सापडली" म्हणायच्या, आणि त्यात खुशी असायची, खोटं कशाला बोला. भावाचा रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून ती टिचकी बंद झाली. मागच्या सगळ्या टिचक्यांची त्यांना लाज वाटली.

गोळ्यांनी चार वर्षं छान काढली. मग त्या जीनमध्येच आणखी एक बदल झाला आणि गोळी लागू पडेनाशी झाली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. शेजारच्या खोलीतला उपाय त्याच्या रोगासाठी अजून चाचणीतच होता, आणि त्याच्या लढाऊ पेशीही फार थोड्या उरल्या होत्या. दुसरी वाट म्हणजे त्याची मज्जा औषधांनी पार पुसून भावंडाची चढवायची. सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारात एक. बाईंची जुळली. भाऊ म्हणाला, आता मीही तुझ्यासारखा दिसेल ते मोजत बसणार आणि वर चिडणार. बाई त्याला रागावल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडल्या.

मज्जा चढवून तीस दिवस झाले की पुन्हा नमुना काढतात. ताईची मज्जा रुजली की नाही आणि जुना रोग आत दबून बसलाय का, ते तेव्हा कळतं. रुजली नसेल तर पुढे फारसं काही उरत नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. मॅडमचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, नियम कडक होता. घरच्या माणसाचा नमुना आपण बघायचा नाही. तो नाव झाकून, नुसता नंबर टाकून दुसऱ्याच्या टेबलावर जायचा. भावाची नळी या चार भिंतींत कुठेतरी होती. बाई आठवडाभर मान खाली घालून काम करत होत्या, आणि त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

शेजारच्या टेबलावर बसायची तिला सगळे फटाफट म्हणत. दोन मुलांची आई, दुसऱ्या प्रयोगशाळेतून बदलून आलेली, कामाला आणि बोलायला सारखीच भरधाव. आधीच्या नोकरीत तिच्या हातून एक अदलाबदल झालेला नमुना तसाच पुढे गेला होता आणि तिने बोलणी खाल्ली होती. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ताकही फुंकून प्यायची. मंगळवारी सकाळी ती पडद्यासमोर बसून चुकचुकायला लागली. कागदावर पुरुष लिहिलंय आणि पेशी बाईमाणसाच्या आहेत, वीसच्या वीस. पुरुषाचं वाय गुणसूत्र औषधालासुद्धा नाही. नमुने कुठेतरी बदलले, आता नापास करून नवा मागवते, असं म्हणत तिने शेराही टाइप करायला घेतला. तेवढ्यात तिला वाटलं, जुन्या डोळ्यांनी एकदा बघून घ्यावं. तिने बाईंना हाक मारली.

बाई खुर्ची सरकवून आल्या. चष्मा वर केला, खाली केला. पहिली पेशी. सेहेचाळीस. वाय नाही, एक्स दोन. बावीस नंबर दोन्ही धडधाकट. मग त्यांची नजर नऊवर गेली.

एकाच्या कमरेखालचा भाग उलटून वर गेलेला होता.

त्यांनी पंधरा नंबर शोधला. डोक्यावर टेंगूळ होतं. दुसरी पेशी बघितली, तिसरी बघितली. भावाच्या पहिल्या रिपोर्टमधलं अक्षर न् अक्षर त्यांना पाठ होतं. त्याचा एक नऊ सरळ होता आणि दुसरा तुटका. असली कंबर त्याच्याकडे कधीच नव्हती. ही कंबर, हे टेंगूळ आणि बाईमाणसाच्या पेशी, तिन्ही एकत्र पुरुषाच्या नावाच्या नळीत सापडायचं एकच कारण असू शकत होतं.

फटाफट विचारत होती, बदललाय ना? बाईंनी तिचा हात धरून कीबोर्डवरून बाजूला केला. हा नमुना नापास झाला असता तर पुन्हा सुई, पुन्हा पंधरा दिवस, आणि अंगात त्राण न उरलेला तो माणूस पुन्हा छताकडे बघत पडला असता.

"बदललेला नाही," बाई म्हणाल्या. "ही मी आहे."

मग त्या उठून सरळ मॅडमकडे गेल्या आणि नियम मोडलाय म्हणाल्या, नकळत, पण मोडलाय. मॅडमनी झाकलेल्या नावांचं बंद पाकीट फोडून नंबर जुळवला. वॉर्डातून आलेल्या कागदावर 'दुसऱ्याची मज्जा चढवली आहे का' हा रकाना कोणीतरी कोराच सोडला होता. मॅडम बाईंना काही बोलल्या नाहीत, वॉर्डाला मात्र फोनवर भरपूर बोलल्या. बाईंचं मत रिपोर्टात धरलं गेलं नाही, ते बरोबरच होतं. वेगळ्या माणसाने सगळ्या पेशी पुन्हा बघितल्या, शेजारच्या खोलीने डीएनए ताडून पाहिला, तो जुना सांधा कुठे लपलाय का तेही शोधलं. त्यात गेलेले तीन दिवस बाईंनी कसेबसे काढले. घरी त्यांनी तीन कपाटं आवरली, त्यातली दोन आधीच आवरलेली होती. फटाफट रोज येऊन नुसती शेजारी बसायची, एक शब्द न बोलता. तिच्या मानाने हे फार होतं.

शुक्रवारी रिपोर्टवर सही झाली. सगळ्या पेशी बहिणीच्या, जुना सांधा कुठेही दिसला नाही. पुढेही तपासत राहावं लागणार होतं, पण मज्जा रुजली होती. त्या दुपारी बाईंनी एका पेशीचा फोटो छापून घेतला आणि कित्येक वर्षांनी ड्रॉवरमधली कात्री काढली. सेहेचाळीस तुकडे. या वेळी एकही खाली पडला नाही, कारण खोलीत कोणी श्वासच घेत नव्हतं.

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या; भाऊ काचेआडच्या बंद खोलीत होता, बोलायचं ते फोनवरून. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, पण भावाचा विश्वास बसत नव्हता. डोक्यावर एक केस नाही, मास्कवर नुसते डोळे. बाईंनी त्याच्यासमोर काचेला दोन पुठ्ठे टेकवले, एक पिवळा पडलेला, एक आजचा, आणि त्याला दोन्हीकडची तीच उलटलेली कंबर दाखवली. त्याने या पुठ्ठ्यावरून त्या पुठ्ठ्यावर नजर फिरवली.

मग त्याने यातला माझा कुठला म्हणून विचारलं. बाईंनी नव्यावर बोट ठेवलं.

"ताई," तो आतल्या फोनवर म्हणाला, "हे तेवढं परत मागू नकोस."

बाईंनी फोन कानाला घट्ट धरला. तोंडात सवयीने वेगळेच दोन शब्द आले होते, ते त्यांनी गिळले.

"ठेव," त्या म्हणाल्या.