मनगटावरचं ते कुणाला देणार नाही

"आजी, माझे पाय कुठं गेले?" नात म्हणाली. ती खाणीच्या काठावर दगडाला टेकून बसली होती आणि पाय समोरच होते, काळ्या रबरी सुटात. मी पोटरीला चिमटा काढला. तिला कळला नाही. मग तळव्याला नख रुतवलं. तेही कळलं नाही. "ऊठ," म्हटलं. ती हातांवर जोर देऊन उठायला गेली आणि गोणीसारखी एका कुशीवर पडली. पाण्यातून वर येऊन तिला अर्धा तासही झाला नव्हता.

टीमच्या म्होरक्यानं तिच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. मग गाडी काढायला सांगितली. हा माणूस कारखान्यात फिटर आहे. पंधरा वर्षं बुडालेली माणसं बाहेर काढतोय.

आमच्या खालापूर तालुक्यात माणसं बुडतात. धबधब्यावर बुडतात, धरणात बुडतात, आणि गावामागच्या बंद खाणीत बुडतात. खाणीतला दगड संपला, खड्डा राहिला, तो पाण्यानं भरला. नव्वद फूट खोल आहे. आदल्या दिवशी खडी फोडायच्या क्रशरवरचा एक कामगार तिथं पोहायला उतरला आणि वर आला नाही. त्याला शोधायला आमच्या गावची टीम उतरली होती. टीममध्ये पाठीला हवेची टाकी बांधून खोल जाणारी चार जणं, त्यात एकच मुलगी, माझ्या मुलाची मुलगी. मी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन काठावर गेले होते. दर वेळी जाते.

चौघांत दोनच डायव्ह कॉम्प्युटर होते. मनगटावर बांधायचं जाड घड्याळच ते. किती खोल गेलो, किती वेळ झाला, अजून किती वेळ खाली राहता येईल, वर किती हळू यायचं, सगळं ते सांगतं. सकाळी नातीनं एक बांधलं आणि दोनदा तळापर्यंत जाऊन आली. मग ते दुसऱ्यानं घेतलं आणि तो खाली गेला. दुपारी तिची परत पाळी आली तेव्हा तिचं मनगट रिकामं. दुसरा कॉम्प्युटर ज्याच्या हातावर होता त्याचा कान दुखत होता. तो सकाळपासून पाण्यात गेलाच नव्हता, बसून भाकरी खात होता.

मी म्हणाले, "अरं, तू बसलायस नं? मग ते हातावर कशाला मिरवतोस? तिला दे."

त्यानं लगेच काढून दिलं. आमच्याकडे असंच आहे. वस्तू पडून राहू देत नाहीत. शेजारणीचा पाटा-वरवंटा आमच्या घरात, आमची शिडी तिसऱ्याच्या घरात. मी आणि माझी जाऊ आठ वर्षं एकाच चष्म्यातून पोथी वाचायचो, ती एक पान, मी एक पान. टीममध्येही एकच दोरी, एकच टॉर्च, हातोहात फिरायचा. शिकवणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की हे यंत्र एकमेकांना द्यायचं नाही. ते ऐकलं आणि विसरले. कारण नाही म्हणणं आम्हाला जमत नाही.

तिसऱ्या फेरीत तिला तो कामगार सापडला. त्याला दोरीला बांधायला वेळ लागला. मनगटावरचं यंत्र सांगत होतं, वेळ आहे, राहा. ती राहिली.

मुंबईच्या हॉस्पिटलात तिला एका लोखंडी खोलीत ठेवलं. खोल पाण्यात असतो तसा दाब त्या खोलीत हवेनं आणतात आणि मग सावकाश कमी करतात. डॉक्टरणीनं बाहेर बाकावर बसून मला समजावलं. खोलात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, त्याला तास लागतात. निघायच्या आधी परत परत खाली गेलं तर आणखी मुरतो, आणि मग वर येताना त्याचे बुडबुडे होतात. हिच्या मणक्यात झाले.

"घड्याळाला एवढं कळत नाय?" मी विचारलं.

"कळतं. पण ज्याच्या हातावर असतं त्याचंच कळतं. हे सकाळी कुणाच्या हातावर होतं?"

मी म्हणाले, "बसलेल्या माणसाच्या. आणि तिला द्यायला मी लावलं."

मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं कळायला चौथी पुरते. पोरगी सकाळपासून दोनदा मुरलेली कैरी होती आणि घड्याळ समजत होतं की ही आत्ताच झाडावरून उतरवली.

तिसऱ्या दिवशी तिचा अंगठा हलला. दोन महिने ती काठी घेऊन चालली. मग काठी सुटली. सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरणीनं तिला तपासून सांगितलं की उतरायचं असेल तर उतर, पण दिवसातून एकदाच, आणि स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन.

घरात त्याच्या आधीच निकाल लागला होता. मुलगा म्हणाला, "बास झालं. पाणी बंद." समोरची शेजारीण मायेनं आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "आता लग्नाचं बगा तिच्या. पायाचं बाहेर कळायच्या आत. माझा भाऊ हाय, तो काय बोलायचा नाय."

"पाय धड होते तवाही तुझ्या भावाला देणार नव्हते," मी म्हणाले. "चहा पी आणि जा."

मुलगा चिडला. "आये, तूच तिला पाण्यात ढकलतेस. परत काय झालं तर?"

"झालं तर मी रडंन. तूही रड. पण तिला इचारलंस का?"

त्यानं विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "जाणार." मला शाळेतून काढलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिला विचारलं आणि हिनं उत्तर दिलं, विषय संपला. आता प्रश्न एकच, ती दर वेळी परत येईल असं कोणतं यंत्र घ्यायचं.

म्होरक्यानं ओळखीच्या लोकांकडून तीन कॉम्प्युटर बघायला आणले आणि आमच्या अंगणात खाटेवर मांडले. एक अगदी देखणं, रंगीत, बारीक, हाताच्या साध्या घड्याळाएवढं. तो म्हणाला, "मावशी, याच्यात सगळं हाय. होकायंत्र हाय, टाकीत किती हवा उरली ते हाय, मोबाइललाही जोडतं."

"सगळं कशाला पायजे? ती काय खाली सिनेमा बघणार हाय?"

"दिसतं बगा किती छान."

"अंगणात मीही छान दिसते."

मी नातीला खाणीच्या काठची माती पाटीभर आणायला लावली. निळ्या पिंपात पाणी होतं, त्यात कालवली. पाणी खाणीच्या तळासारखं झालं, चहासारखं. मग म्होरक्याला म्हटलं, "पाण्यात घालता तो चष्मा तोंडाला लाव, हातात हातमोजे घाल, आणि डोकं घाल आत. काय दिसतं ते सांग."

चाळिशीतला माणूस, अर्धा पिंपात, मागचा भाग अंगणाकडे. शेजारीण कुंपणापाशी तोंडाला पदर लावून उभी. तो वर आला, मिशीतनं चिखल गळत होता.

"काय दिसलं?"

"उजेड दिसला."

"आकडा?"

"आकडा नाय दिसला."

रंगीत बाजूला ठेवलं. दुसऱ्याचे आकडे मोठे होते, पण ते फक्त वाजायचं. नात म्हणाली, "आजी, खाली दोघं असलो की कुणाचं वाजतंय ते कळत नाय. पाण्यात आवाज सगळीकडनं येतो." तेही गेलं.

तिसरं ओबडधोबड, काडेपेटीपेक्षा मोठं. आकडा माझ्या नखाएवढा, चष्म्याशिवाय मला दिसला. वेळ संपत आली की मनगटावर थरथरायचं, म्हणजे डोळे चिखलात असले तरी हाताला कळणार. हातमोज्यानं बटण दाबता यायचं. आत टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तसा एक सेल, गावच्या किराणा दुकानात मिळणारा. बाकीच्या दोन्हींचे सेल बदलायला मुंबईला पाठवावं लागलं असतं, आणि माणूस बुडायला मुंबईची वेळ बघत नाही. शिवाय यंत्रानं किती कडक वागायचं ते आपल्याला ठरवता यायचं.

"एकदम कडक ठेव," मी म्हणाले.

म्होरक्या म्हणाला, "मग खाली टाइम कमी मिळंल, मावशी. काम अर्धवट ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे. खालचा माणूस मेलेलाच असतोय. त्याला घाई नसते."

हे त्याला आवडलं नाही. नातीलाही आवडलं नसावं, पण तिनं कडक ठेवलं. तसंच नवीन मागवलं. पैसे कसे जमवले ते इथं सांगायचं कारण नाही. आलं त्या दिवशी मी तिला एवढंच म्हणाले, की ताट दे, चप्पल दे, अंगावरची चादर काढून दे, हे द्यायचं नाही. मला पण नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर कडाव गावाच्या पलीकडे एका धरणात कॉलेजातला मुलगा बुडाला. टीम गेली, मी भाकऱ्या घेऊन गेले. नात सकाळी एकदा उतरली, वर आली, कपडे बदलून बसली. आता चौघांकडे आपापलं यंत्र होतं, पण बाकीची दोघं सकाळची फेरी करून कामावर गेली होती, आणि दुपारी म्होरक्याचा कॉम्प्युटर बंद पडला. तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"पोरी, एकच फेरी. तू तर आता उतरणार नायस."

"नाय दादा."

"मी सकाळपासून उतरलोच नाय. मला काय हुतंय?"

"तुमाला नाय होणार. पण ते माझं मोजतंय. तुमी घेऊन गेलात की उद्या मला खोटं सांगंल."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुमी तरी सांगा. लोकं बगतायत."

लोक बघत होते. त्या मुलाची आई खाली बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं की त्या पोरीकडे मशीन आहे आणि ती देत नाही. ती आली आणि माझे पाय धरले. मी हे लिहिताना स्वतःला बरी बाई म्हणवून घेत नाही. मी तिला उठवलं, पाणी पाजलं, माझ्या शेजारी बसवलं, तिचा हात धरून ठेवला. यंत्र दिलं नाही. यंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही, असं म्होरक्यानंच शेवटी ठरवलं आणि शोध दुसऱ्या सकाळवर गेला. त्या मुलाच्या काकानं आम्हाला जे म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं. गावात परत आल्यावर आमचेही लोक बोलले. अजून बोलतात. म्हातारी चिकट आहे, नातीला पण तसंच केलं म्हणतात. बोलू देत.

सकाळी म्होरक्यानं दुसरा कॉम्प्युटर मागवून घेतला आणि ती चौघं दोन-दोन करून उतरली. नात एकदाच गेली. दहाच्या सुमारास तो मुलगा सापडला. त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिनं पाहावं असं मला वाटलंही नाही.

तो मुलगा पहिल्याच दिवशी मेला होता. त्याला शोधायला उतरली ती चौघं जिवंत आहेत.